ग्यूस्ट्रोचा देवदूत: वितळवलेलं शिल्प पुन्हा कसं टांगलं गेलं

उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागात ग्यूस्ट्रो नावाचं छोटं शहर आहे. तिथलं कॅथीड्रल लाल विटांचं, 1226 साली स्थापन झालेलं. आतल्या खांबांवर क्लाउस बेर्गने सोळाव्या शतकात ओक लाकडात कोरलेले बारा प्रेषित आहेत. उत्तरेकडच्या बाजूदालनात मात्र एक वेगळीच आकृती आहे. ब्राँझची, दोन मीटरांहून थोडी लांब, छतापासून टांगलेली, जमिनीला समांतर. पंख नाहीत. अंगात पायघोळ झगा, त्याच्या चुण्या सरळ पायांपर्यंत गेलेल्या. हात छातीवर एकमेकांवर ठेवलेले, डोळे मिटलेले, ओठ बंद. लोक या आकृतीला 'तरंगता देवदूत' म्हणतात. एर्न्स्ट बार्लाख या शिल्पकाराने पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून ती 1927 साली केली.

आज तिथे टांगलेला पुतळा मात्र 1953 सालचा आहे. 1927 चा पुतळा 1937 साली उतरवला गेला आणि पुढे युद्धासाठी धातू हवा म्हणून वितळवला गेला. तो वितळण्याआधीच त्याच शिल्पाचं दुसरं ओतकाम गुपचूप झालं होतं. ते एका खेड्यात लपवून ठेवलं गेलं, युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीतल्या कोलोनला पोचलं, आणि त्याच्यावरून साचा घेऊन पूर्व जर्मनीतल्या ग्यूस्ट्रोसाठी पुन्हा पुतळा ओतला गेला.

नाझींनी शिल्प नष्ट केलं, शूर मित्रांनी ते वाचवलं, असं या गोष्टीचं सोपं रूप सगळीकडे सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण त्याने दोन अवघड गोष्टी झाकल्या जातात. पुतळा खाली घ्यायला लावला तो चर्चच्याच वरिष्ठ मंडळाने. आणि तो वाचवण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो माणूस नाझी सरकारने जप्त केलेल्या चित्रांचा परवानाधारक व्यापारी होता. माझ्या मते या प्रकरणाचा अभ्यास इथूनच सुरू व्हायला हवा.

ग्यूस्ट्रोला येईपर्यंत

बार्लाखचा जन्म 2 जानेवारी 1870 चा, हांबुर्गजवळच्या वेडेल गावचा. वडील डॉक्टर, ते लवकर गेले. बालपण बरंचसं रात्सेबुर्गमध्ये गेलं. हांबुर्गच्या कला व उद्योग शाळेत आणि ड्रेस्डेनच्या अकादमीत शिक्षण झालं, मग काही काळ पॅरिस. पस्तिशी उलटली तरी त्याला स्वतःची वाट सापडलेली नव्हती. मातीकामाच्या शाळेत शिकवणं झालं, मासिकांसाठी चित्रं काढणं झालं, पण 'हे माझं' म्हणावं असं काही हाताला लागत नव्हतं.

1906 साली तो भावाकडे रशियन साम्राज्यातल्या खार्किवला, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, जवळपास दोन महिने राहिला. तिथल्या सपाट मैदानावर त्याने भिकारी पाहिले, शेतकरी पाहिले, जाड कपड्यांत गुंडाळून बसलेल्या बायका पाहिल्या. कपड्याच्या आत माणसाचं शरीर झाकलं जातं आणि बाहेर उरतो एक भरीव आकार, काही मोजक्या रेषांचा. त्यात त्या माणसाची भूक, थकवा, प्रार्थना सगळं दिसतं. बार्लाखला आपली भाषा तिथे मिळाली. पुढची तीस वर्षं त्याने तीच चालवली. ग्यूस्ट्रोच्या देवदूताचा सरळ चुण्यांचा झगा त्या मैदानातूनच आलेला आहे.

बर्लिनचा कला-व्यापारी पाउल कासिरर त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि रोजच्या पैशांची चिंता कमी झाली. 1910 मध्ये बार्लाख आई आणि लहान मुलगा यांच्यासह ग्यूस्ट्रोला राहायला आला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला. तो नाटकंही लिहायचा. 1924 साली त्याला नाटककार म्हणून क्लाइस्ट पुरस्कार मिळाला.

1914 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा इतर अनेक जर्मन कलावंतांप्रमाणे बार्लाखही भारावला होता. त्या वर्षीचं त्याचं 'सूड घेणारा' हे शिल्प पाहा: दोन्ही हातांनी तलवार डोक्यामागे उगारून पुढे झेपावणारा माणूस, सगळं शरीर जणू एकच आडवा फटका. 1915 च्या अखेरीस त्याला स्वतःला सैन्यात बोलावलं गेलं. काही महिन्यांतच तो परत आला, आणि तोवर भारावलेपण ओसरलं होतं. 'सूड घेणारा' आणि देवदूत यांची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही आकृत्या आडव्या, दोन्हींच्या झग्यांच्या रेषा लांब. एक जमिनीवरून सुसाट निघालेली, दुसरी हवेत थांबलेली. युद्धाच्या काळात वेळ थांबला होता, तो पृथ्वीवरच्या कशालाच जोडलेला नव्हता, तरंगत होता, अशा अर्थाचं बार्लाखने या शिल्पाबद्दल बोलून ठेवलं आहे. तेरा वर्षांत एका माणसाने स्वतःच्याच शिल्पाला दिलेलं हे उत्तर आहे, असं मी मानतो.

स्मारक आणि त्याचा चेहरा

1926 मध्ये कॅथीड्रलला 700 वर्षं झाली. त्या निमित्ताने युद्धात मेलेल्यांचं स्मारक करायचं ठरलं. बार्लाखने स्वतःच्या कामाचं मानधन घेतलं नाही. ओतकाम बर्लिनच्या नोआक फाउंड्रीत झालं आणि 1927 च्या मे महिन्यात देवदूत टांगला गेला.

त्या काळच्या जर्मनीत युद्धस्मारकाची एक ठरलेली कल्पना होती. गावोगावी शिरस्त्राण घातलेला सैनिक उभा केला जात होता, नाहीतर सिंह, गरुड, तलवार. खाली नावं, आणि मरणाला अर्थ देणारं एखादं वाक्य. आपल्याकडेही या युद्धाच्या खुणा आहेत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत 'या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले' अशा अर्थाच्या दगडी पाट्या ब्रिटिशांनी बसवल्या होत्या. त्या पाट्यांवर नुसता आकडा असतो. जर्मन स्मारकांत आकड्याच्या जोडीला अभिमान हवा असे, आणि पुढच्या लढाईचं आमंत्रणही.

बार्लाखने यातलं काहीच दिलं नाही. सैनिक नाही, शस्त्र नाही, मृतदेहही नाही. देवदूत मेलेल्यांना स्वर्गात नेत नाही, जिवंतांना धीर देत नाही. तो ऐकतो आहे की आठवतो आहे, तेही नक्की सांगता येत नाही. त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला, ज्याचा मुलगा किंवा भाऊ परत आलेला नाही त्याला, कुणी काही समजावत नाही. त्याच्या दुःखात कुणाची ढवळाढवळ नाही. मी पाहिलेल्या स्मारकशिल्पांत इतका संयम क्वचितच आढळतो.

चेहरा केथे कोलविट्झचा आहे. कोलविट्झ ही बर्लिनची चित्रकार आणि शिल्पकार, बार्लाखहून अडीच वर्षांनी मोठी. 1914 च्या ऑक्टोबरमध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. तो 18 वर्षांचा होता. स्वयंसेवक म्हणून जायला वडिलांची परवानगी लागत होती. वडील तयार नव्हते. आईने त्यांचं मन वळवलं. ते ओझं तिने आयुष्यभर वाहिलं. मुलासाठी स्मारक करायला तिने लगेच घेतलं, आणि ते पुरं व्हायला 1932 उजाडलं: गुडघ्यांवर बसलेले आई आणि वडील, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, आपापल्या दुःखात. बार्लाखची लाकूडठसे-चित्रं 1920 मध्ये पाहून तिने स्वतः त्या माध्यमात काम सुरू केलं होतं, त्यामुळे दोघांमधला धागा जुना होता.

तिचा चेहरा देवदूतात आपण ठरवून आणला नाही, तो आपोआप आला, ठरवलं असतं तर बहुधा फसलं असतं, असं बार्लाखने पुढे सांगितलं. यावर मी विश्वास ठेवतो. मुलाच्या जाण्याला स्वतःचा होकार होता हे जाणणारी आई, असा चेहरा देवदूताला मिळाला. हा निर्दोष देवदूत नाही. 1914 मध्ये तलवार उगारलेला माणूस घडवणाऱ्या शिल्पकारालाही असाच चेहरा हवा असणार.

उतरवण्याची रीत

विरोध 1933 च्या आधीपासूनच होता. माजी सैनिकांच्या आणि राष्ट्रवादी संघटनांना बार्लाख नको होता. त्याची माणसं 'परकी', 'स्लाव्ह' दिसतात, त्यांच्यात जर्मन वीर कुठेच नाही, असा आरोप होत असे. तो ज्यू आहे, बोल्शेविक आहे अशा अफवा पसरवल्या गेल्या. तो दोन्ही नव्हता.

1929 मध्ये माग्डेबुर्गच्या कॅथीड्रलसाठी त्याने ओक लाकडात सहा आकृत्यांचं स्मारक केलं होतं. वर तीन सैनिक, मधल्या क्रुसावर युद्धाची वर्षं. खाली कमरेपर्यंत दिसणाऱ्या तीन आकृत्या: मुठी आवळलेली स्त्री, शिरस्त्राण घातलेला सांगाडा, आणि छातीवर गॅसमास्क लटकत असताना डोकं हातांत धरलेला माणूस. 1933 मध्ये नाझी विचारवंत आल्फ्रेड रोझेनबेर्गने पक्षाच्या वृत्तपत्रात या आकृत्यांवर अत्यंत हिणकस भाषेत हल्ला चढवला. 1934 मध्ये स्मारक हलवलं गेलं. कीलमधला उंच 'आत्म्याचा योद्धा' 1937 च्या वसंतात खाली घेतला गेला. हांबुर्गच्या नगरभवनाजवळच्या स्मारकस्तंभावर बार्लाखने माता आणि मूल कोरलं होतं. 1938 मध्ये ते काढून तिथे गरुड बसवला गेला. दहा वर्षांत केलेली मोठी सार्वजनिक शिल्पं अशी एकामागून एक गेली.

नाझी पक्षात या बाबतीत सुरुवातीला एकमत नव्हतं, हेही सांगायला हवं. गोबेल्सने तरुणपणी बार्लाखचं शिल्प पाहून डायरीत त्याचं कौतुक लिहिलं होतं, आणि बार्लाख ज्या प्रवाहातला मानला जाई ती अभिव्यक्तीवादी कला हीच खरी जर्मन कला असं म्हणणारे नाझी विद्यार्थीही होते. तो वाद रोझेनबेर्गच्या बाजूने सुटला. बार्लाखला मात्र काही काळ वाटत राहिलं असावं की आपल्याला जागा मिळेल. 1934 च्या ऑगस्टमध्ये हिटलरच्या बाजूने काढलेल्या कलावंतांच्या जाहीर पत्रकावर त्याचीही सही आहे. ती दबावाखाली झाली असं म्हणता येईल, तिचा त्याला पुढे काहीही उपयोग झाला नाही हे तर उघडच आहे. पण ती सही आहे, आणि ती वगळून बार्लाखचं चरित्र लिहिणं मला पटत नाही.

1937 च्या जुलैमध्ये म्युनिकला नाझींनी हीन ठरवलेल्या आधुनिक कलेचं 'अधःपतित कला' हे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरलं. त्यात बार्लाखचं कामही होतं. जर्मनीभरच्या संग्रहालयांतून त्याची साडेतीनशेहून अधिक कामं जप्त झाली. त्याच जुलैमध्ये त्याला प्रशियन कला अकादमी सोडावी लागली. महिन्याभरात, ऑगस्टच्या अखेरीस, ग्यूस्ट्रोचा देवदूत खाली आला.

इथे थोडं थांबायला हवं. रात्रीतून कुणी टोळी आली नाही, चर्चचं दार कुणी फोडलं नाही. मेक्लेनबुर्गच्या लुथेरन चर्चचा कारभार श्वेरिनच्या वरिष्ठ मंडळाकडे होता आणि त्याच्या प्रमुखपदी वाल्टर शुल्त्स हा बिशप होता. तो नाझी पक्षाचा सभासद, आणि चर्चला नाझी विचारांत बसवू पाहणाऱ्या 'जर्मन ख्रिस्ती' चळवळीचा माणूस. शिल्प हटवलं ते या मंडळाच्या आदेशाने, दफ्तरी पद्धतीने. ज्या संस्थेने दहा वर्षांपूर्वी ते आपल्या छताखाली स्वीकारलं, आपल्याच मृतांच्या स्मरणासाठी, तिनेच ते खाली उतरवलं. पुढे 1941 च्या सुमारास धातू म्हणून त्याची वासलात लागली.

हुकूमशाहीत शिल्पं कशी नाहीशी होतात, याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर हातोड्याचं असतं. कागदाचं चित्र तितकं नजरेत भरत नाही, म्हणून त्या कागदावर सही करणाऱ्यांची नावंही विसरली जातात. या प्रकरणात नाव उपलब्ध आहे, आणि ते शिल्पाच्या इतिहासाबरोबर सांगितलं गेलं पाहिजे.

बार्लाखने याच सुमारास लिहिलं आहे की आपण मायदेशातच निर्वासितासारखं जगतो आहोत, आणि ते खऱ्या निर्वासितापेक्षा वाईट आहे. 24 ऑक्टोबर 1938 रोजी रोस्टॉकच्या इस्पितळात तो हृदयविकाराने गेला. ग्यूस्ट्रोच्या त्याच्या स्टुडिओत निरोपाचा कार्यक्रम झाला. कोलविट्झ बर्लिनहून आली. शवपेटीतल्या बार्लाखचं तिने रेखाचित्र काढलं. तिथे देवदूताच्या चेहऱ्याची प्रत लावलेली होती, म्हणजे ती एका अर्थी स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभी होती. त्यानंतर तिने 'विलाप' नावाचं छोटं उठावशिल्प केलं, बार्लाखच्या आठवणीत. त्यात तिचाच चेहरा आहे, दोन्ही हात चेहऱ्यावर. स्वतःहून चेहरा दिलेला नसताना जो घेतला गेला, त्याचं हे तिचं उत्तर असावं.

प्लास्टर उरलं होतं

ब्राँझचं शिल्प कसं तयार होतं हे माहीत असलं तर पुढचं समजतं. शिल्पकार आकृती आधी मातीत किंवा प्लास्टरमध्ये घडवतो. फाउंड्री त्या प्लास्टर-नमुन्यावरून साचा करते आणि हजार अंशांहून जास्त तापवलेला रस त्यात ओतते. मग साचा फोडायचा, नळ्या आणि कडा कापायच्या, घासायचं, रासायनिक लेप देऊन रंग आणायचा. शिल्पकाराच्या बोटांचे आणि हत्यारांचे ठसे असतात ते मूळ नमुन्यावर. ब्राँझ हे त्यांचं टिकाऊ रूप. नमुना शाबूत असेल तर पुतळा पुन्हा ओतता येतो. दगडात किंवा लाकडात ही सोय नाही. माग्डेबुर्गच्या ओकच्या आकृत्या जळल्या असत्या तर त्या कायमच्या गेल्या असत्या.

श्वेरिनच्या मंडळाकडे पुतळा होता. नमुना नोआक फाउंड्रीत, बर्लिनमध्ये होता. 1939 मध्ये बार्लाखच्या मित्रांनी त्यावरून दुसरं ओतकाम करून घेतलं. काही काळ दोन्ही देवदूत एकाच वेळी जर्मनीत होते: एक अधिकाऱ्यांच्या ताब्यात भंगाराची वाट बघत, दुसरा लपून.

यामागे मुख्यतः दोन नावं येतात. ह्यूगो क्योर्त्सिंगर हा चित्रकार आणि ऑर्गनवादक. ल्यूनेबुर्गच्या माळरानावर श्नेगा गावात राहणारा. दुसरा पुतळा त्याच्या घरी ठेवला गेला. कीलचा योद्धाही तुकडे केलेल्या अवस्थेत तिथेच पोचला होता. दुसरं नाव बेर्नहार्ड ब्योमर. हा बार्लाखचा मदतनीस, व्यवहार सांभाळणारा, त्याच आवारात राहणारा. ब्योमरची पहिली पत्नी मार्गा ही त्याच्यापासून वेगळी होऊन बार्लाखची सहचरी झाली होती, तरीही हे सगळे एकमेकांच्या शेजारी राहत होते.

नाझी सरकारने संग्रहालयांतून जप्त केलेली आधुनिक कला परदेशात विकून परकीय चलन मिळवायचं ठरवलं, तेव्हा त्या कामासाठी चार व्यापाऱ्यांना अधिकार दिला. ब्योमर त्या चौघांपैकी एक. हिल्डेब्रांट गुर्लिट हा दुसरा. त्याच्या मुलाच्या घरी सापडलेल्या संग्रहामुळे 2013 मध्ये ते नाव जगभर गाजलं. ब्योमरच्या हातून शेकडो कामं गेली. यातून त्याने कमाई केली, आणि याच ओळखींच्या बळावर बार्लाखची जप्त शिल्पं परत मिळवली, हलवली, लपवली. ज्या यंत्रणेने बार्लाखला संपवलं तिच्यात वावर असल्यामुळेच तो बार्लाखचं काम वाचवू शकला. 1945 च्या मे महिन्यात सोव्हिएत फौजा ग्यूस्ट्रोत शिरल्या तेव्हा ब्योमरने आत्महत्या केली.

त्याला नायक म्हणायचं की लुटीचा भागीदार? मी बरेच दिवस यांतलं एक निवडायचा प्रयत्न केला, आणि आता मला वाटतं की ते निवडू नये. देवदूत वाचला याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याच्या हातून जी चित्रं परदेशी गेली, ज्या संग्रहालयांच्या भिंती रिकाम्या झाल्या, त्यांचा हिशेब त्या श्रेयातून वजा होत नाही, आणि श्रेयही त्या हिशेबातून वजा होत नाही. दोन स्वतंत्र नोंदी आहेत, एकाच माणसाच्या नावावर.

बार्लाखचा शेवटच्या वर्षांतला मोठा आश्रयदाता हेर्मान रेम्त्स्मा, हांबुर्गच्या सिगारेट-कारखानदार घराण्यातला. 1934 पासून त्याने बार्लाखची कामं घेतली, अडकून पडलेला 'ऐकणारे' हा नऊ लाकडी आकृत्यांचा समूह पुरा करून घेतला. घराण्याचा धंदा त्याच राजवटीत भरभराटीला आला होता. त्याच्या संग्रहातून 1962 मध्ये हांबुर्गला बार्लाख संग्रहालय उभं राहिलं. छळाच्या काळात कला ज्यांच्या हातून तगते त्यांचे हात क्वचितच स्वच्छ असतात, कारण स्वच्छ हातांच्या बहुतेकांना तोवर देश सोडावा लागलेला असतो किंवा त्यांच्या हातात काही उरलेलं नसतं.

दोन देश, दोन चर्चं

युद्धात नमुना नष्ट झाला. आता जगात उरला तो श्नेगाचा पुतळा. कोलोनचं आंटोनिटर चर्च बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभं राहत होतं. त्या मंडळीने पुतळा घेतला आणि 1952 मध्ये टांगला. हे चर्च गजबजलेल्या बाजाररस्त्यावर आहे. ग्यूस्ट्रोच्या शांत कॅथीड्रलसाठी कल्पिलेली आकृती तिथे अगदी वेगळ्या गर्दीच्या डोक्यावर आली.

ग्यूस्ट्रो तोवर पूर्व जर्मनीत गेलं होतं, आणि तिथे बार्लाखवर नवा वाद पेटला होता. 1951 च्या अखेरीस पूर्व बर्लिनच्या कला अकादमीने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातून त्यावर टीका झाली: ही माणसं सोसणारी आहेत, त्यांना उद्या नाही, ती लढायला उठत नाहीत. वीस वर्षांपूर्वीच्या राष्ट्रवादी टीकेची भाषा वेगळी होती, पण मागणी तीच. स्मारकाने माणसाला पुढच्या मोर्चासाठी तयार करावं, असं दोघांनाही हवं होतं. नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्टने 1952 मध्ये बार्लाखच्या बाजूने लेख लिहिला. सगळंच मान्य असल्याचा आव न आणता, एकेक शिल्प घेऊन त्याने आपलं मत दिलं. देवदूताला कोलविट्झचा चेहरा आहे हे सांगून, असे देवदूत मला आवडतात, असं या नास्तिक लेखकाने म्हटलं. टीकेने हैराण झालेल्या कलेची बाजू कशी घ्यावी, याचा तो लेख आजही वस्तुपाठ आहे.

आणि त्याच दिवसांत कोलोनच्या पुतळ्यावरून साचा घेतला गेला. तिसरा देवदूत 1953 च्या मार्चमध्ये ग्यूस्ट्रोला मूळ जागी आला. पूर्व जर्मनीत तेव्हा चर्चच्या युवक मंडळांवर सरकारचा दबाव शिगेला पोचलेला होता. तीनच महिन्यांनी सरकारविरुद्ध 17 जूनचा उठाव झाला. अशा वातावरणात पश्चिमेतल्या एका चर्चने आणि पूर्वेतल्या एका चर्चने एकच शिल्प वाटून घेतलं. पुढे 13 डिसेंबर 1981 रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिख होनेकर यांच्यासह ग्यूस्ट्रोला आले आणि कॅथीड्रलमध्ये या देवदूतासमोर उभे राहिले. रस्त्यावर स्थानिक लोकांऐवजी सुरक्षा पोलिसांचीच गर्दी होती. त्याच दिवशी शेजारच्या पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला.

मग ग्यूस्ट्रोत आहे ते काय?

आज ग्यूस्ट्रोतला पुतळा ही दुसऱ्या पुतळ्याची प्रतिकृती आहे, असं काटेकोरपणे म्हणता येतं. मूळ नमुन्यावरून थेट ओतलेला आणि टिकलेला पुतळा कोलोनला आहे. बाजारभावाच्या आणि संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ओतलेल्या पुतळ्यावरून पुन्हा साचा घेतला की धातू आकसल्यामुळे आकार किंचित घटतो, कडा थोड्या बोथट होतात.

मला तरीही ग्यूस्ट्रोचा पुतळा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि कारण भावनेचं नाही. बार्लाखने हे काम विशिष्ट जागेसाठी केलं होतं: त्या कमानीखाली, त्या उंचीवर, त्या शहरातल्या माणसांच्या मृतांसाठी. जागा हा शिल्पाचाच भाग होता. कोलोनकडे धातू आहे, ग्यूस्ट्रोकडे जागा आहे. शिवाय 1937 ते 1953 ही सोळा वर्षं तिथे काहीच नव्हतं, आणि ते 'काहीच नसणं' घडवलं होतं त्याच चर्चच्या कारभाऱ्यांनी. ती रिकामी वर्षंही आता या स्मारकात मोडतात. म्हणून या शिल्पाच्या माहितीत '1927' एवढंच लिहिणं अपुरं आहे. 1927, 1937 आणि 1953 ही तिन्ही वर्षं लिहावीत, कुणी उतरवला तेही लिहावं, कुणी वाचवला तेही, ब्योमरच्या दुसऱ्या धंद्यासकट.

त्या धंद्याचा उरलेला माल अजून पाहता येतो. ब्योमरच्या मृत्यूनंतर त्याच्या ग्यूस्ट्रोच्या साठ्यात 'अधःपतित' ठरवून जप्त केलेली शेकडो कामं सापडली. 1947 मध्ये ती रोस्टॉकच्या संग्रहालयाकडे गेली आणि आजही तिथे आहेत. त्यांतली प्रत्येक वस्तू कोणत्या संग्रहालयाची होती, कुठून कशी आली, हे शोधणं हा त्या संग्रहाच्या अभ्यासाचाच भाग आहे. देवदूताचं प्रकरण पुरं समजून घ्यायचं तर ग्यूस्ट्रो आणि कोलोनबरोबर रोस्टॉकचा हा संग्रहही पाहायला हवा.